विहीणबाई, बिनमसाल्याचा मासा आणि तिरफळं

"अगं, आलीस का मुंबईहून? मला वाटलं लेकीने ठेवूनच घेतलं!" काकूंनी मेथीची जुडी मधल्या भिंतीवर ठेवली. म्हणजे अर्धा तास तरी हलायच्या नाहीत.

"आले हो काल रात्री. पण आधी जावयांनी जेवायला नेलं ते ऐका. म्हणाले, आई, तुम्ही टीव्ही सेंटरला गाडीवर खाता ते चायनीज नव्हेच. आज खरं खाऊ घालतो."

"महाग असेल."

"मेनू कार्ड माझ्या हाताला लागूच दिलं नाही, यावरून ओळखा. आत ना ड्रॅगन, ना लाल कंदील. गोल टेबल आणि मधोमध फिरती काच. हवं ते आपल्यापुढे फिरवून घ्यायचं. पण ह्यांना कुठला धीर! काच अशी गर्रकन फिरवली की सोया सॉसची वाटी थेट विहीणबाईंच्या पदरावर."

"अगोबाई! त्या पण होत्या?"

"तर! एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसता पदर झटकला. त्यांचं न बोलणं तुम्ही बारशाला बघितलंय ना?"

"बघितलंय. पुढे सांग."

"आधी आला अख्खा मासा, डोळ्यांसकट. वाफवलेला. वर आल्याचे बारीक उभे काप, कांद्याची पात, त्यावर कडकडीत तेल आणि थोडा सोया. हळद नाही, तिखट नाही. जावई म्हणे ही कँटनकडची पद्धत, मासा ताजा असला की मसाल्याची गरज नाही. पण काकू, तो डोळा सारखा माझ्याकडेच बघत होता."

"मग काय शेपटीने बघणार? बिनडोक्याचा मासा आमच्या वेंगुर्ल्यात कुणी पानात घेणार नाही. खाल्लास की नाही?"

"खाल्ला. डोळ्यावर पातीचं पान टाकून. गोडूस होता, खोटं कशाला बोलू. म्हणे चीनमध्ये दक्षिणेला भात नि उत्तरेला गव्हाच्या नूडल्स. म्हणजे तुमचा भात नि आमची भाकरी हे भांडण तिथेही चालत असणार. खरी मजा पुढेच. सिचुआनचा मापो टोफू आला. लालभडक रस्सा, वर थोडा खिमा, आणि टोफू खरवसासारखा लुसलुशीत. 19व्या शतकात चेंगदू गावात एका बाईची खाणावळ होती, तिथला हा पदार्थ. बाईच्या तोंडावर देवीचे व्रण होते, तर लोकांनी नावच ठेवलं, वणवाल्या म्हातारीचा टोफू."

"घ्या! गावाला जेवू घालून बाईच्या वाट्याला काय, तर तिचे वण."

"तिखटाचं आपल्याला काय? पण दुसऱ्या घासाला ओठ झिणझिणायला लागले, जीभ बधिर. पाणी प्यायले तर तेही आंबटसर लागलं. ह्यांना वाटलं बीपी वाढलं, गोळी शोधायला लागले. वेटरने मग बशीत हे आणून दाखवलं. चार दाणे पुडीत बांधून आणलेत, बघा."

काकूंनी पुडी उघडली, नाकाशी धरली आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "अगं, ही तर तिरफळं! बांगड्याच्या तिखल्यात घालतो ती. आमच्यापेक्षा लहान, नि वास जरा लिंबाकडे जातोय. पण तिरफळंच."

"सख्खी नाही, चुलत. जावयांनी मोबाईलवर बघितलं, कूळ एकच. आणि मिरची म्हणे त्यांच्याकडेही अमेरिकेहूनच गेलेली. त्याआधी जिभेला चटका द्यायला हेच."

ओट्यावरून काकांनी पेपर खाली केला. इतिहासाचे मास्तर रिटायर झाले तरी तास संपत नाही. "चिन्यांचं आपल्याला नवीन काय? ह्युएन त्संग 641 च्या सुमारास पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. दारात दगडी हत्ती असलेल्या मठाचं त्याने वर्णन केलंय, ते अजिंठ्याचंच मानतात. आणि इथल्या लोकांबद्दल काय लिहिलं? उपकार विसरत नाहीत नि अपमान सोडत नाहीत."

"हे हिच्या विहिणीला बघूनच लिहिलं असणार," काकू म्हणाल्या. "तुम्ही पेपर वाचा. हां, मग?"

"मग ह्यांनी मंचुरियन मागितलं. वेटर गालातल्या गालात हसला. जावई म्हणाले, बाबा, ते चीनमध्ये नसतं. नेल्सन वँग म्हणून कोलकात्याचे चिनी, त्यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं. आलं-लसूण-हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. मी म्हटलं, मग नकली कसं? करणारा चिनी, जन्म चर्चगेटचा! हक्का नूडल्सवाले हक्का लोकही कोलकात्याला टांगऱ्यात चामडं कमावत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आपला नान-खलिया 1327 ला तुघलकाच्या लवाजम्याबरोबर दौलताबादला आला म्हणतात. त्याला कुणी विचारतं का, बाबा रे, तू खरा कुठला?"

"बरोब्बर बोललीस. जावई काय म्हणाले?"

"काय म्हणतील? बिल बघत होते."

"आणि तुला आवडलं काय, ते सांग."

"मासा परत खाईन. टोफूही, पण ह्यांना घरी ठेवून. आणि ह्या रविवारी गाडीवर जायचंय. तो पोरगा काळ्या कढईत कोबी उडवतो, भडका वर येतो, लाल रंगाने प्लेट माखते, हाफ मागितलं तरी फुलएवढं देतो. त्याची सर गोल टेबलाला नाही. पण तो टोफू एकदा घरी करून बघावा म्हणते. चार दाण्यांत काय होणार?"

"थांब." काकू आत जाऊन बरणीच घेऊन आल्या नि त्यांनी मूठभर तिरफळं माझ्या ओंजळीत ओतली. "आतली काळी बी काढून टाक, टरफल तेवढं ठेच. आणि विहिणीला जेवायला बोलाव. जावयाला सांग, चेंगदूहून मागवलीत. वेंगुर्ल्याचं नाव काढू नकोस, नाहीतर खरं चायनीज म्हणून खायचे नाहीत."