हातचा न लागणारा आकडा

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, पण डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. इतका सरळ व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या सोसायटीचा ताळेबंद तर अध्यक्षांनी वाचला की वेगळा आणि खजिनदारांनी वाचला की वेगळा.

हिचं माहेर मात्र अगदी साधं. नऊ एक ओळीने मांडायचे, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणायचं. एक एके एक एवढा पाढा आला की पुरे. खाली एकांच्या नऊ ओळी उतरतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला बसलं की पहिल्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, मग तीन, असं नवापर्यंत चढायचं आणि आलो तसं उतरायचं. सबंध बेरजेत हातचा घ्यावा लागत नाही!

इथे माणसाला हाव सुटते. नवांवर एवढं मिळालं, तर दहावा एक लावून बघू की. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा होतं तेच मग होतं. मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा शेजारच्या नवावर, तिथलाही हातचा पुढच्या आठावर, आणि आठाचे होतात नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं बसलेली.

लोकलचा विषय उगाच निघाला नाही. देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी या घराण्याला ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. आजची डोंबिवली ती हीच, असं म्हणतात. कल्पना तिथे सुचली, म्हणून स्टेशनाचा मान. आज सकाळी त्या फलाटावर कोपरापलीकडे काही मिळणं कठीण, सुचणं तर दूरच. आपल्याकडच्या गणितज्ञांनी मास्तरांच्या या उद्योगाकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. नेहमीचंच.

आणखी एक गंमत. आपल्या सतरा अंकी संख्येच्या सगळ्या अंकांची बेरीज ८१. त्या ८१ने हिलाच गुणलं की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. माझ्या मते, अंगचे अंक वेचून इतकं देणारी संख्या पुरस्काराच्या लायकीची आहे.

एक्सेलला पटत नाही. त्याला पंधरा अंकांपुढे धाप लागते. मी हौसेने पूर्ण संख्या टाकली, तर पठ्ठ्याने शेवटचे २१ गिळून तिथे ०० ठेवले. म्हणजे मागून वाचायची सोयच संपली. मी भाच्याकडे तक्रार केली. त्याने मोबाइलवरून मान न काढता विचारलं, ‘‘मामा, एवढी रक्कम आपल्याकडे यायची आहे का कुठून?’’