मुदतवाढ

भरायचा होता एक रुपया. २०२३च्या खरिपात सरकारने पीक विम्यातला शेतकऱ्याचा हिस्सा तेवढ्यावर आणला होता. शेवटची तारीख ३१ जुलै. सातबारा, आधार, पासबुक, पीकपेरा, सगळं महिनाभर गाडीच्या डिक्कीत आमच्या नेर गावभर फिरत होतं. सेवा केंद्रासमोरून मी पंधरा वेळा गेलो. एकदा आत जाऊन झेरॉक्सही काढली, दुसऱ्याच कशाची तरी.

"अहो, भरला का तो रुपया?" बायको शोभा विचारायची.

"शेवटच्या दिवशी पाहा."

शेवटच्या दिवशी मी पेटतो, ही माझी जुनी ऐट. 'येन टायमाले करते बाप्पा हा,' असं गावात माझ्याबद्दल म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. ३१ला रांगेत डोकं असं तल्लख, की पुढच्या चौघांचे कागद मीच तपासून दिले. माझ्यापुढे तिघे उरले आणि कुणीतरी मोबाइल पाहून ओरडलं, "३ ऑगस्टपर्यंत मुदतवाढ!"

माझी वीजच गेली. घरी येऊन फवारणीचा पंप खोलून बसलो. विमा आठवला ४ ऑगस्टला.

पुढे अमरावतीच्या डॉक्टरांनी माझ्या या असल्या वागण्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एकवटण्याचा विकार, म्हणतात असं सांगितलं. त्यावरच्या औषधाची माहिती मी रात्री अडीचपर्यंत वाचली. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लेआंद्रो पानिझोन यांनी ते रसायन बनवलं. बायको मार्गरीट, लाडाने रिटा, ते घेऊन टेनिस खेळायची म्हणे. म्हणून नाव रिटालिन! आमच्या घरात शोध लागता तर 'शोभालिन' झालं असतं. नुसती डबी पाहून माणूस रांगेत उभा राहिला असता. हे सगळं मी शोभाला उठवून सांगितलं. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख तेवढी हुकली.

त्या सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. बांधावर उभं राहून पाहिलं, पानं हळदीसारखी. शेजारी म्हणाला, "रुपयाचा आळस नडला भाऊ."

या शब्दाने माझं डोकं फिरतं. आळशी माणूस निदान निवांत तरी असतो. त्या केंद्रासमोरून पंधराही वेळा जाताना माझ्या छातीत धडधडलं होतं, आणि तरी गाडी थांबली नव्हती. का, ते मलाही सांगता येत नव्हतं.

चौथीत माझ्या प्रगतिपत्रकावर 'हुशार आहे, पण आळशी' असा शेरा होता. बाबांनी काही न बोलता सही केली होती. परवा धाकट्या मुलाच्या पत्रकावर तोच शेरा, फक्त अक्षर सुबक. 'आळशी'वर काट मारून मी त्याच रात्री सही केली. शुक्रवारपर्यंत परत द्यायचं होतं.

डिक्कीत आहे.