तंबू तोच, दर वेगळा

आमचे नागपूरचे भाऊजी यंदा केनियाला, मसाई माराला निघालेत. जुलै ते ऑक्टोबरात विल्डबीस्टचे कळप तिथं नदी ओलांडतात, म्हणून तारखा ऑगस्टच्या. पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी. मुक्काम खासगी तंबूत: वीज बेताची, अंघोळीला बादलीभर गरम पाणी, आणि अंधार पडला की राखणदाराशिवाय बाहेर पाय ठेवायचा नाही. याला म्हणे 'अस्सल जंगल अनुभव' म्हणतात.

इकडं आमच्या चिखला गावात मँगनीजच्या खाणीवरून रातपाळी करून आलेल्यांनी हे ऐकून नुसता खर्रा घोटला. इथं धान निसवलं की रानडुकरांपायी बांधीवर जागलीला जावंच लागतं. चार बल्ल्यांचं मचाण, वर फाटकी ताडपत्री, हातात बॅटरी, बडवायला पत्र्याचा डबा. वीज बेताचीसुद्धा नाही. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायची तीही मागं पाहत पाहत; वाकलेला माणूस वाघाला चौपायी जनावर वाटतो. राखणदार? तो आपणच. अनुभव इतका अस्सल की पुढं पंचनामा होतो.

भाऊजींनी एका रात्रीचा दर डॉलरमध्ये सांगितला. रुपयांत सांगायची त्यांचीच छाती झाली नाही.

आई सुपातलं धान पाखडत ऐकत होती. म्हणाली, "जावईबापू, तिथं वाघ दिसते का?"

"आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो, आई."

सूप थांबलं. "मंग येवढे पैसे कायचे?"