समोर एक मूल बसवा

वाद्यसंगीतात पदवी घेतलेली मुलं भेटली की मी दोन प्रश्न विचारते. तुझा पहिला विद्यार्थी केवढा होता? सात, आठ, फार तर नऊ वर्षांचा, असं उत्तर येतं. मग दुसरा प्रश्न : एवढ्याशा मुलाला कसं शिकवायचं, हे पदवीच्या वर्षांत कुणी दाखवलं का? इथे मुलं गप्प होतात.

त्या वयात मला कुणी विचारलं असतं, तर मीही गप्पच झाले असते.

सतार घेऊन मी पदवी केली. शेवटच्या प्रात्यक्षिकाला परीक्षकांपुढे यमन वाजवला. आलाप, जोड, झाला, मग मसीतखानी गत, मग रजाखानी. लेखी पेपरात रागांचा समयसिद्धांत लिहिला, घराण्यांची वैशिष्ट्यं लिहिली, तानसेनाचं चरित्र लिहिलं. गुण चांगले पडले. निकालानंतर दुसऱ्याच महिन्यात समोरच्या इमारतीतली आठ वर्षांची मुलगी आईचं बोट धरून दारात उभी राहिली. ‘हिला सतार शिकायचीय. ऐकतच नाही.’

मी तिला बसवलं, माझीच सतार तिच्याकडे दिली. भोपळा मोठा, ती लहान. उजवा हात भोपळ्यावरून पलीकडे नेला तर बोट तारेपर्यंत पोचेना. बोट पोचवलं तर खांदा कानाला टेके. तर्जनीत माझी नखी घातली, ती गोल गोल फिरायला लागली. मी नखीला दोरा गुंडाळला. पहिल्याच ‘दा’ला नखी तारेत अडकून निघाली आणि भोपळ्याखाली गेली. ती खळखळून हसली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा थोडं हसली. तिसऱ्यांदा हसली नाही.

मग मला जे शिकवलं होतं तेच मी तिला सांगितलं. डाव्या तर्जनीनं पडद्याजवळ तार दाब, सा रे ग म वाजव, पुन्हा वाजव. दहा मिनिटांनी तिनं डावा हात फ्रॉकच्या घडीत लपवला. मी हात ओढून पाहिला. बोटाच्या टोकावर तारेची लालभडक रेघ उमटली होती. ‘दुखतंय?’ तिनं मान हलवून नाही म्हटलं. आणि मी म्हटलं, ‘मग आणखी एकदा.’

तीन आठवडे ती आली. नंतर आईचा निरोप आला, शाळेचा अभ्यास वाढलाय.

अभ्यास वाढला नव्हता. मला शिकवता येत नव्हतं. आणि माझ्या हातात विद्यापीठाचा कागद होता.

पुढे कितीतरी वर्षांनी एका वयस्कर गुरुजींच्या वर्गात कोपऱ्यात बसून पाहण्याचा योग आला. सहा मुलं होती. पहिला अर्धा तास एकाच्याही हातात वाद्य नव्हतं. मुलं मांडीवर टाळी देत ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ म्हणत होती. एकदा हळू, एकदा दुप्पट, एकदा फक्त ओठांनी. मसीतखानी गतीचा सगळा सांगाडा त्यांच्या तोंडात आणि तळहातात आधी बसला. मग लहान मापाच्या दोन सतारी आल्या, आळीपाळीनं. गुरुजींनी खिशातून बारीक पकड काढली आणि प्रत्येक मुलाच्या बोटाच्या मापानं नखीची तार वळवून दिली. शेजारी वाटीत खोबरेलात भिजवलेला कापसाचा बोळा होता. मूल डाव्या बोटाला तेल लावायचं, पाच मिनिटं वाजवायचं, सतार पुढच्याला द्यायचं. बाकीची मुलं तोवर गात असायची. कुणाच्याही बोटावर ती लाल रेघ मी पाहिली नाही.

यातलं काहीही अवघड नाही. एका दुपारात दाखवता आलं असतं. मला कुणी दाखवलं नाही, आणि त्याची किंमत आठ वर्षांच्या एका मुलीनं मोजली.

वाद्यवादनाची पदवी घेणाऱ्यांपैकी मैफलींवर घर चालवणारे बोटांवर मोजण्याइतके असतात. बाकीचे शिकवण्या करतात, शाळेत जातात, क्लास काढतात. यात कमीपणा कसलाही नाही. संगीत टिकतं ते याच लोकांवर. मग अभ्यासक्रम मंचासाठी का आखायचा आणि वर्गाला त्यात जागा का नसावी? जिथे आहे तिथे बहुधा एका लेखी पेपरापुरती : ‘संगीत शिक्षणाच्या पद्धती स्पष्ट करा.’ उत्तर पाठ करून लिहिता येतं, मूल समोर नसलं तरी चालतं.

‘चांगला वादक आपोआप चांगला शिक्षक होतो,’ हे वाक्य मी ज्येष्ठांकडून फार ऐकलं आहे. गुरूंच्या घरी ते खरं असायचं, पण ‘आपोआप’ काही घडत नव्हतं. गुरूंच्या घरात सगळ्या वयांची माणसं असत. नव्यानं आलेल्या पोराचे पलटे थोरला शिष्य घटवून घ्यायचा आणि गुरू आतल्या खोलीतून ऐकत असायचे. चुकलं की आतून आवाज यायचा. तो पोरासाठी असायचा तसा थोरल्यासाठीही. दहा वर्षं असं शिकवल्यावर माणूस शिक्षक होऊन बाहेर पडायचा. आपण ते घर उचलून विद्यापीठात आणलं तेव्हा राग आणले, बंदिशी आणल्या, घराण्यांचा इतिहास आणला. धाकटी पोरं मात्र मागेच राहिली. वर्गात आता सगळे एकाच वयाचे, एकाच सत्राचे. शिकवायचं कुणाला?

हे अगदी सुरुवातीलाच ज्यांना कळलं होतं ते आपलेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिथे उपदेशक वर्ग चालवला. निवडक मुलांना ठेवून घ्यायचं, तयार करायचं आणि गावोगाव संगीत शिकवायला पाठवायचं, असा तो वर्ग. मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं त्यांनी छापली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बी. आर. देवधर ही त्यांच्या शिष्यांतली नावं पाहा. तिघंही मोठे गायक, आणि तिघांनीही शिकवण्याच्या संस्था उभ्या केल्या : ठाकुरांनी बनारस हिंदू विद्यापीठात, पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात, देवधरांनी मुंबईत. एका माणसाच्या हाताखालून इतके शिक्षक निघाले, कारण शिक्षक घडवणं हा त्याच्या कामाचा मधला खांब होता. त्यांच्या पश्चात 1931 साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी घराघरात पोचली. शिडी उत्तम आहे. पण पायरीगणिक आपण मोजतो ते काय येतं ते. काय देता येतं, ते मोजायचं राहिलं.

मुंबईतच अन्नपूर्णादेवी राहत होत्या, ब्रीच कँडीच्या बाजूला. त्यांचं वाद्य सुरबहार. मैफलींपासून त्या 1950च्या दशकानंतर दूर झाल्या आणि 2018 साली गेल्या. मधली सगळी वर्षं शिकवण्यात गेली. त्यांनी निखिल बॅनर्जींना सतार शिकवली आणि हरिप्रसाद चौरसियांना बासरी शिकवली. बासरी हे त्यांचं वाद्यच नव्हे! त्या गाऊन शिकवायच्या. गळ्यातून आलेलं शिष्यानं आपल्या वाद्यावर शोधायचं. हरिप्रसादजी त्यांच्याकडे गेले तेव्हा नावाजलेले वादक होते. नव्यानं सुरुवात करायची म्हणून त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली, ही हकिकत त्यांनीच सांगितली आहे आणि आजही ते तशीच वाजवतात. स्वतः न वाजवता येणारं वाद्य एवढ्या उंचीवर नेणारी बाई कोणत्या विषयात निष्णात होती? शिकवणं हीच तिची विद्या होती. आमच्या अभ्यासक्रमात या विद्येचं प्रात्यक्षिक नाही.

जपानमध्ये शिनिची सुझुकी नावाच्या व्हायोलिनवादकाला साधा प्रश्न पडला. जगातलं प्रत्येक मूल मातृभाषा बिनचूक शिकतं, मग व्हायोलिन का नाही? त्यानं मुलांना आधी ऐकवलं, आईवडलांना सोबत बसवलं, हातात ‘एक सोळांश’ मापाचं इवलंसं व्हायोलिन दिलं. आणि त्याच्या पद्धतीनं शिकवायचं तर शिक्षकाला आधी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मिरजेत सतार घडवणाऱ्या कारागिराला लहान मापाची सतार सांगा, तो करून देईल. ती मागायची हे शिक्षकाला ठाऊक पाहिजे.

आता तर शिकवण्याची नवीच खोली उघडली आहे. पहाटे सहाला पुण्यातली मुलगी फोन लावते आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातला मुलगा संध्याकाळी तबला घेऊन बसतो. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, म्हणून दोघांना एकत्र वाजवता येत नाही. ती लेहरा धरते, त्याची सम तिच्या कानावर उशिरा पडते, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. त्याहून वाईट म्हणजे मागे लावलेला तानपुरा. व्हिडिओ कॉलची यंत्रणा अखंड चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते आणि गाळून टाकते. मुलाला सूरच ऐकू येत नाही. त्या यंत्रणेत ही गाळणी बंद करता येते; तानपुरा आणि लेहरा मुलाच्या घरी, त्याच्या बाजूनं लावायला सांगायचा असतो. दोन ओळींचं ज्ञान आहे. पदवी घेऊन बसलेल्या कितीतरी मुलामुलींना हे ठेचा खाऊन कळलं.

जागा नाही, वेळ नाही, असं विद्यापीठांनी म्हणू नये. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदव्यांमध्ये प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला आणि समाजाशी जोडणाऱ्या उपक्रमाला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक वाद्यसंगीताच्या मुलांनी महापालिकेच्या शाळेत मिळवावेत. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असली की कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, असं लिहिलेलं आहे. ज्या शाळेत संगीताचा तास वेळापत्रकात आहे आणि घ्यायला माणूस नाही, तिथे सतारीची, तबल्याची, बासरीची मुलं आठवड्याला दोन तास जाऊ देत. पाठीमागे त्यांचे प्राध्यापक बसू देत. गुरू आतल्या खोलीतून ऐकायचे तसे.

‘यात रियाज बुडेल,’ असं विद्यार्थी म्हणतील. माझा अनुभव उलटा आहे. ‘ताई, तुझा अंगठा तिथे का असतो?’ असं एका नऊ वर्षांच्या मुलानं मला विचारलं, तेव्हा पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. तो फार घट्ट रोवलेला होता. तो सैल केल्यावर माझा झाला मोकळा झाला.

म्हणून माझी मागणी एवढीच. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मंचप्रदर्शन झालं, टाळ्या झाल्या, की दार उघडा आणि कधीही वाद्य हातात न धरलेलं एक मूल आत येऊ द्या. परीक्षार्थीला वीस मिनिटं द्या. मूल कसं बसलं, हात कुठे आखडला, ते हसलं का, जाताना काय गुणगुणत गेलं, हे परीक्षकांनी पाहावं आणि यमनाला जेवढे गुण तेवढेच याला द्यावेत. मूल आत येण्याआधी बारीक पकड, खोबरेलाची वाटी आणि लहान मापाची सतार तिथे तयार ठेवा.