रहस्य ठेवा, पत्ता सांगा

‘लवकरच…’ मोहिमेच्या सूत्रधारांस,



तुमचा काळा चौकोन बोरी अरबला आमच्या फोनवर पोचला. त्यावर एवढंच: ‘ती परत येतेय.’ ना नाव, ना गाव, ना तारीख. पानठेल्यावर लगेच तट पडले. जाणत्यांचं मत, शकुंतला सुरू होणार. 1903 पासून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी बंद पडल्यापासून आमचा भाग ‘लवकरच’वर जगतोय, तेव्हा दोष त्यांचा नाही. एकाला वाटलं, कर्जमाफी. पण चौकोनात पुढाऱ्याचा फोटो नव्हता, म्हणून ती शक्यता बाद झाली.

पुढे उलगडलं की हे संग्रहालयातलं प्रदर्शन आहे. स्थळ? ‘शोधणाऱ्याला सापडेल.’ राजेहो, शोधणाऱ्याला आधी एसटी सापडावी लागते.

खेळ तसा जुनाच. न्यूयॉर्कच्या संग्रहालयवाल्या बार्नमनं 1842 मध्ये आपली ‘जलपरी’ मांडण्याआधी वेगवेगळ्या गावांहून वर्तमानपत्रांना पत्रं धाडायची व्यवस्था केली. बोभाटा झाला, लोक तिकीट काढून आत गेले, तर माकडाच्या धडाला माशाचं शेपूट शिवलेलं. माणूस लबाड खरा, पण दुकान कुठे आहे ते त्यानं लपवलं नाही.

मी आलो होतो, बरं का. आत अंधार, धूर, छातीत घुमणारं संगीत आणि भिंतभर पडदा. कोपऱ्यातल्या काचेत वीतभर मातीची बाहुली. पाटी वाचायला फोनचा टॉर्च लावला, तर पहारेकऱ्यानं तो विझवायला लावला. मग त्यालाच विचारलं, ही परत आली म्हणजे कुठून? तो म्हणाला, ‘वरच्या मजल्यावरच्या गोदामातून.’ तुमच्या सबंध मोहिमेत सरळ उत्तर देणारा तेवढा एकच माणूस भेटला. त्याचा पगार वाढवा.

आता खरं गूढ कसं असतं ते पाहा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या परिसरात सापडणाऱ्या वस्तू हौसेनं जमवल्या. आज तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याच घराण्यातली दुसरी भोकरदनला निघाली आणि तिसरी, 1938 मध्ये, थेट इटलीतल्या पाँपेईत, इसवी सन 79 मधल्या ज्वालामुखीच्या राखेखाली. आपल्याकडच्या बाईची ही बहीण रोमन माणसाच्या घरात काय करत होती? ती आरशाची मूठ होती की तिवईचा पाय, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. तुमच्या बाहुलीलाही असा काही गोतावळा असेलच. तो मोठ्या अक्षरांत लिहून वर साधा दिवा लावला असता, तर मी परतीची गाडी चुकवून उभा राहिलो असतो.

पण तुम्ही माणसाला लपवाछपवीत दमवून आणता आणि वस्तूपाशी पोचल्यावर मुके होता. जे सांगायचं ते झाकलंत. जे गूढ होतं त्याकडे फिरकलाही नाहीत. एवढ्या उलट्या कामाला प्रतिभा लागते, हे मात्र मान्य.

तेव्हा पुढच्या चौकोनात रहस्य कितीही भरा. फक्त खाली पत्ता, वेळ आणि तिकिटाचा दर छापा. ‘अनुभव’ हा शब्द थोडा कमी वापरा, जागा आपोआप होईल.

कळावे,
बोरी अरबचा एक प्रेक्षक

ता.क. सोमवारी बंद असतं का, तेही टाका. आमच्याकडून येणारा माणूस रजा सोमवारचीच काढतो.