गुरुजींचं वार्षिक नियोजन

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी साधारण तीन वाटांनी जातात: शेतीकडे, भजनाकडे, नाहीतर सोसायटीच्या राजकारणाकडे. हल्ली एक चौथी वाट निघाली आहे. ती सातारा, पुणे, मुंबईला जाते आणि तिच्यावर छातीला नंबर लावून पळावं लागतं.

माढा तालुक्यातल्या मोडनिंबात, पुणे-सोलापूर महामार्गालगत, या चौथ्या वाटेचा एक अस्सल नमुना राहतो. अंगानं हाडकुळा, डोक्याला कानटोपी आणि पायात मुलानं पुण्याहून पाठवलेले पोपटी बूट. पहाटे साडेचारला तो सर्व्हिस रोडनं पळू लागला की हॉटेलचं शटर उघडणारा माणूस काळजीनं विचारतो, "गुरुजी, गाडी चुकली का?" पहिल्या वर्षी गुरुजी थांबून व्यायामाचं महत्त्व सांगायचे. आता नुसता हात वर करतात. थांबलं की घड्याळातला वेग बिघडतो.

गुरुजींचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, कारण त्यांच्या लेखी वर्षच जूनमध्ये सुरू होतं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा पळणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं. पहिला पाऊस झाला की जुनी टाचणवही निघते आणि लाल-निळ्या शाईत 'वार्षिक नियोजन' आखलं जातं. प्रथम सत्रात सातारा हिल हाफ मॅरेथॉन. डिसेंबरात १९८३ पासून चालत आलेली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, ती सहामाही. आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईचे ४२.१९५ किलोमीटर, ती वार्षिक परीक्षा. मधल्या पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती म्हणजे घटक चाचण्या. समासात सूचना असतात: आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, एक दिवस जोरात पळाल्यावर दोन दिवस सावकाश, मोठ्या शर्यतीआधीचे तीन आठवडे सराव उतरता. साठीनंतर स्नायू सावरायला वेळ लागतो, हे त्यांना पाठ आहे. तरी अधलामधला एखादा 'सावकाश' दिवस दुधाची मोटारसायकल पुढे गेल्यामुळे वाया जातो.

साताऱ्याची अडचण वेगळीच. तिथं यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि मोडनिंबात चढण म्हणावी तर हायवेचा पूल. गुरुजी त्या पुलावर वीस-वीस फेऱ्या मारतात. पुलाखालच्या पानटपरीत त्यांची हजेरी मांडली जाते.

क्रॉस कंट्रीसाठी मात्र गावाला तोड नाही. पाणंद आहे, बांध आहेत, बाभळी आहेत. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा आणि 'कालनिर्णय' दोन्ही १९७३ सालची, हा गुरुजींना मोठा योग वाटतो. ते दोन्हींचे निष्ठावंत आहेत. पावसानंतर काळ्या रानातून पळालं की पहिल्या शंभर पावलांत बुटाला मातीचा थर बसतो, त्यावर दुसरा, मग त्यात गवत आणि काडीकचरा. उंची दोन बोटं वाढते आणि वेग निम्मा होतो. मग गुरुजी बांधावर बसून बाभळीच्या काडीनं तळवे खरवडतात आणि घड्याळ थांबवायचं राहिलं म्हणून हळहळतात.

चहाच्या टपरीवर त्यांनी एकदा कॅनडाच्या एड व्हिटलॉकची गोष्ट सांगितली. या गृहस्थानं २००३ मध्ये, ७२ व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत संपवली. सत्तरी ओलांडून तीन तासांच्या आत येणारा तो पहिलाच. सराव करायचा तो घराजवळच्या दफनभूमीत, तासन्‌तास. टपरीवर क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, "मग पळंलच की. मागं कोण लागलं असंल, काय सांगावं?"

घरात व्हिटलॉक चालत नाही. तिथं लता भगवान करे चालतात. २०१४ साली बारामतीत या बाईंनी नवऱ्याच्या उपचारांच्या पैशासाठी नऊवारीत, अनवाणी पळून ज्येष्ठांची शर्यत जिंकली. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला. गुरुजींनी नव्या घड्याळाचा विषय काढला की बाईसाहेब भाकरी थापता थापता विचारतात, "त्या बारामतीच्या बाईंच्या हातात कुठल्या कंपनीचं होतं हो?" घड्याळ पुढच्या हंगामावर जातं.

गुरुजींचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय म्हणजे वयोगट. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि नव्या गटात आपण सगळ्यांत तरुण, म्हणून वाढदिवसाची वाट पाहणारा म्हातारा फक्त याच खेळात सापडतो. गुरुजींचा वाढदिवस अर्थातच १ जून. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा तोच आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. आई सांगायची, पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात झाला, म्हणजे १९६१. दाखल्यावर मात्र १ जून १९६०. या हिशेबानं त्यांना वर्षभर आधी निवृत्त व्हावं लागलं आणि तेवढा पगार बुडाला. पण पासष्टीच्या गटातही ते वर्षभर आधी आले. सरकारकडून राहिलेलं येणं आता ते मेडलांच्या रूपानं वसूल करतात. मुंबईत ज्येष्ठ नागरिकांसाठी चारेक किलोमीटरची वेगळी दौड असते, तिचं नाव काढलेलं मात्र त्यांना खपत नाही. "तिथं म्हातारी माणसं असतात," म्हणतात.

नियोजनाला खरा खोडा घालतं ते भिंतीवरचं कालनिर्णय. त्यावर गुरुजींची लाल वर्तुळं आणि बाईसाहेबांची निळी शाई यांचं शीतयुद्ध चालतं. मुंबईच्या आठवड्यात पाहुणे हुरड्याला येणार. मॅरेथॉनचा नंबर आधी स्वतः जाऊन घ्यायचा आणि शर्यत पहाटे सुटते, त्यामुळे कुर्डुवाडीहून रात्रीची गाडी धरून भागत नाही. दोन दिवस डोंबिवलीच्या भाच्याकडे मुक्काम; म्हणजे हुरडा कुणी भाजायचा?

यंदा पुण्याच्या मॅरेथॉनच्या दिवशीच पुण्यात साडूच्या मुलाचं लग्न निघालं. घरात तंग वातावरण होतं. गुरुजींनी टाचणवही काढली. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. एकवीस किलोमीटर नऊच्या आत संपवायचे, रिक्षा, मंगल कार्यालयातच अंघोळ, अक्षतांना हजर. त्यांनी कागद पुढं ठेवला. बाईसाहेबांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"जा," त्या म्हणाल्या. "पण ते मेडल गळ्यात घालून पंगतीला बसायचं नाही."

गुरुजींनी वहीत तशी नोंद केली. आहेराच्या वेळेबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.