पॅटर्नभाऊ

फेब्रुवारी लागला की वडगाव रासाईत दोनच विषय चालतात. बिबट्या सध्या कुणाच्या उसात आहे, आणि यंदा गणिताला काय येणार. पहिल्यासाठी वनखातं पिंजरा लावतं. दुसऱ्यासाठी आमचे पॅटर्नभाऊ आहेत.

भाऊंचं खरं नाव मतदारयादीत असेल. संध्याकाळी रासाईच्या देवळासमोर ते येऊन टेकले, की काखेतून साखर कारखान्याची जुनी डायरी निघते. आत उसाचं टनेज नाही, दहावीचे पेपर आहेत. उभे रकाने वर्षांचे, आडव्या ओळी धड्यांच्या. धड्यातलं गणित आलं की लाल टिंब, नाही आलं की निळी फुली. सुरुवात 2019 पासून, कारण त्या मार्चला नव्या पुस्तकाचा नवा पेपर आला. त्याआधीची वीस वर्षांची मांडणी एका रात्रीत रद्दीत गेली. हे सांगताना भाऊंचा आवाज वडिलोपार्जित जमीन विकल्यासारखा होतो.

2021 चा रकाना कोरा आहे. त्या साली भाऊंनी छातीठोक सांगितलं होतं, "वर्गसमीकरण येणार म्हंजे येणार." कोरोनानं परीक्षाच रद्द झाली. भाऊ अजून म्हणतात, "पेपर झाला असता तर आलंच असतं."

पण माणूस नुसता थापाड्या नाही. पेपरची चिरफाड त्यांच्याइतकी स्वच्छ कुणी करत नाही. "आरं, पेपर 40 चा, पण बोर्ड छापतंय 60 चा. दुसऱ्यातल्या ब मध्ये पाच देतात, चार सोडवायची. तिसऱ्यातल्या ब मध्ये चार देतात, दोन सोडवायची. चौथ्यात तीन, त्यातली दोन. लग्नाच्या पंगतीत वाढपी सगळंच वाढतो, म्हणून काय सगळं खायाचं? आधी आठ मार्काचा पहिला प्रश्न उरक. मग कृती. चौकटी भरायच्या, अर्धं उत्तर त्यांनीच छापलेलं असतंय. चौथ्याकडं शेवटी जा. ती पुस्तकाबाहेरची असतात, पाहुण्यासारखी. वळख असली तरच रामराम कर."

हे ऐकून मी मी म्हणणाऱ्या पोरांच्या पोटातला गोळा विरघळतो. गणिताची भीती घालवायला शिकवण्या लागतात, भाऊंना एक वाढपी पुरतो.

अडचण पुढे होते. एकदा एका पोरानं विचारलं, "भाऊ, पण ही श्रेढीची बेरीज काढायची कशी?" भाऊ गडबडले नाहीत. "ते शाळेत सांगत्यात. मी फक्त कधी येतंय ते सांगतो." हवामानखात्यालाही पाऊस पाडायला कुणी सांगत नाही, हे खरंच.

स्वतः भाऊ ऑक्टोबरची वारी करून पास झालेले. तेव्हाचं गणित दीडशे मार्कांचं. आता फेरपरीक्षा जून-जुलैत असते. "आमची वारी कार्तिकी होती," ते सांगतात, "तुमची आषाढी झाली. तेवढंच बोर्डानं बरं केलं."

शेजारच्या गल्लीतली एक मुलगी यंदा दहावीला होती. डोक्यावर तेल चोपडून दोन वेण्या, बोलणं मोजकं. महिनाभर ती कट्ट्याच्या कडेला उभी राहून ऐकायची आणि काहीतरी लिहून घ्यायची. भूमितीच्या आदल्या दिवशी भाऊंनी निकाल दिला, "पायथागोरसची सिद्धता मागच्या खेपेला येऊन गेली. लागोपाठ न्हाय यायची. सोडून द्या. समरूपता घासा."

दुसऱ्या दिवशी दोन तास संपले. भाऊ केंद्राच्या फाटकाशी उभे. पेपर कसा गेला, हे ते कुणालाच विचारत नाहीत. पहिल्या बाहेर आलेल्या पोराच्या हातातली प्रश्नपत्रिका ओढून घेतात आणि खिशातलं लाल पेन काढतात. पेन पहिल्या पानावर सरसर फिरलं, दुसऱ्यावर थबकलं. पायथागोरस बसला होता, चांगला ऐसपैस. पोरं भाऊंकडे बघेनात, भाऊ पोरांकडे बघेनात.

तेवढ्यात ती मुलगी बाहेर आली, वेण्या जागच्या जागी. "कसा गेला गं?" मी विचारलं.

"सगळा सुटला. पायथागोरस पाठच होता."

"भाऊंनी तर सोडायला सांगितलेला."

"म्हणूनच केला," ती म्हणाली. "ताईच्या वेळी त्यांनी सांगितलेलं आलं नाही, दादाच्या वेळी नाही, आणि नको म्हणाले ते दोन्ही वेळा आलं. मी वहीत मांडून बघितलं."

मला वाटलं, आता भाऊ चिडणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तिच्या हातातली वही घेतली आणि तिथंच फाटकाला टेकून सगळी पानं बघितली. मग डायरी उघडून शेवटच्या कोऱ्या पानावर फूटपट्टीनं दोन रेघा ओढल्या.

"ह्या रकान्याला नाव काय देऊ गं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ म्हणतात ते," ती म्हणाली.

भाऊंनी तेच लिहिलं, आणि खाली पहिली निळी फुली मारली.